स्क्रीन बदलल्यापासून घरात रेंज नाही: दोष फोनचा, घराचा की टॉवरचा?

चार हजार रुपये आत्ता देऊ नका, आणि सिग्नल वाढवतो म्हणून विकला जाणारा बूस्टर तर अजिबात मागवू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत एक गोष्ट फार मोलाची आहे, तिथूनच सुरुवात करतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाव राजापूर तालुक्यात, घर चिऱ्याचं, वर कौलं आणि मागच्या पडवीला पत्रा. बाबांचा अँड्रॉइड फोन तीन वर्षांचा. गणपतीत तो पडून स्क्रीन फुटली, ती तालुक्याच्या ठिकाणी बदलून घेतली. तेव्हापासून घरात एखादीच काडी दिसते, फोन लागला तरी समोरच्याला आवाज तुटक जातो आणि बोलायचं तर बाबांना खळ्यात यावं लागतं. आईच्या फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम आहे, तो माजघरातही जेमतेम का होईना चालतो. दुकानदार म्हणतो, नेटवर्क आयसी, म्हणजे बोर्डावरची सिग्नलची चिप गेली, चार हजार लागतील. चुलतभाऊ म्हणतो, ऑनलाइन बूस्टर मिळतो. कस्टमर केअरने सेटिंग रीसेट करायला सांगितलं, तेही करून झालं.

मोलाची गोष्ट म्हणजे आईचा फोन. घर एकच, कंपनी एकच, टॉवरही बहुधा एकच, तरी एक फोन चालतो आणि दुसरा नाही. टॉवर आणि भिंतींवरचा संशय इथेच निम्म्याने कमी झाला. त्यात बिघाड सुरू झाला तो स्क्रीन बदलल्यापासून. अशी तक्रार घेऊन आलेला फोन मी उघडतो तेव्हा बहुतेकदा आयसीला काहीच झालेलं नसतं. आतली अँटेनाची वायर सुटलेली असते, नाहीतर नीट बसलेली नसते. तरीही नुसत्या अंदाजावर फोन उघडायला लावू नका. अर्धा तास काढून आधी खात्री करून घ्या. ती घरच्या घरी होते आणि एक पैसाही लागत नाही.

पहिलं काम, काड्यांकडे बघणं थांबवा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही, प्रत्येक फोन कंपनी ते आपल्या मनाने ठरवते. २०१० साली आयफोन ४ च्या रेंजवरून जगभर ओरड झाली, तेव्हा काड्या मोजण्याचं आपलं सूत्रच चुकीचं होतं आणि फोन प्रत्यक्षापेक्षा जास्त काड्या दाखवत होता, हे ॲपलनेच जाहीर केलं होतं. म्हणून दोन वेगळ्या फोनच्या काड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. तुलना आकड्याची करायची.

अँड्रॉइडमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* टाका. फोनची माहिती देणारं पान उघडतं, त्यात सिग्नल स्ट्रेंथच्या पुढे उणे चिन्हाचा आकडा असतो, तो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. शेजारी एएसयू म्हणून आणखी एक आकडा असतो, तो सोडून द्या. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर हा कोड चालत नाही. तिथे सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग स्टेटस, मग सिम कार्ड स्टेटस असं गेलं की तोच आकडा मिळतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्टचं पान येतं, त्यात आरएसआरपी शोधा, सिग्नलच्या ताकदीचा आकडा तिथे याच नावाने असतो.

४जीवर हा आकडा उणे ८० ते ९० असेल तर सिग्नल उत्तम. उणे १०० पर्यंत काम छान चालतं. उणे ११० च्या खाली गेलात की कॉल तुटायला लागतात, आणि उणे १२० म्हणजे फोन जेमतेम टॉवरला धरून आहे. आकडा उणे असल्यामुळे ११५ हे १०५ पेक्षा वाईट, यात पुष्कळांचा गोंधळ होतो. दुसरं असं की हे माप सरळ चढत नाही: ३ डीबीचा फरक म्हणजे ताकद निम्मी, आणि १० डीबीचा फरक म्हणजे दहा पट कमी. त्यामुळे एका फोनवर उणे १०२ आणि दुसऱ्यावर उणे ११४ दिसत असेल तर तो किरकोळ फरक नव्हे. दुसऱ्या फोनला पहिल्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच सिग्नल मिळतोय.

आता प्रत्यक्ष तपासणी. आई आणि बाबा, दोघांचेही फोन ४जीवर आणा. एक ५जीवर आणि दुसरा ४जीवर असताना काढलेले आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत, आणि २जीचं माप तर वेगळंच आहे. दोन्ही फोनचे कव्हर काढा. मागे लोखंडी पट्टी किंवा अंगठीवाला होल्डर चिकटवलेला असेल तर तोही काढा. माजघरात एकाच टेबलावर वीतभर अंतराने दोन्ही फोन ठेवा आणि हात बाजूला घ्या. हातात धरलेल्या फोनचा सिग्नल ५-१० डीबीने सहज पडतो. आकडा सतत हलत राहतो, म्हणून मिनिटभर थांबून तो साधारण कुठे रेंगाळतो ते लिहून घ्या. मग तेच ओटीवर करा आणि तेच खळ्यात.

त्यानंतर दोघांची सिम एकमेकांच्या फोनमध्ये घाला आणि पुन्हा तिन्ही जागी आकडे घ्या. सिम बदलल्यावर दुखणं सिमबरोबर आईच्या फोनमध्ये गेलं, तर सिम खराब आहे, कंपनीच्या दुकानातून बदलून घ्या. दुखणं बाबांच्या फोनमध्येच राहिलं आणि फरक तिन्ही ठिकाणी १० च्या पुढे असेल, तर दोष फोनमध्ये. फरक ५-६ असेल तर तो धरू नका. दोन निरोगी फोनमध्येही तेवढा असतो.

एक शक्यता इथे फसवू शकते. एकच कंपनी एकाच टॉवरवरून वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, ४जी देते. आपल्याकडे हे बँड ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झपासून १८००, २१००, २३०० आणि २५०० पर्यंत पसरलेले आहेत. खालचे बँड लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, वरचे लवकर अडतात. आईचा फोन ८५० वर आणि बाबांचा २३०० वर असेल तर दोन्ही फोन धडधाकट असूनही घरात मोठा फरक दिसेल. म्हणूनच खळ्यातला आकडा घ्यायचा. फरक फक्त घरात दिसला आणि खळ्यात नाहीसा झाला, तर बँड बघा. बऱ्याच फोनवर सिम स्टेटसच्या किंवा त्या कोडच्या पानावर बँड किंवा चॅनेलचा क्रमांक दिसतो. दिसत नसेल तर दोन्ही फोन अर्धा मिनिट एअरप्लेन मोडवर टाकून परत चालू करा, म्हणजे दोन्ही नव्याने टॉवर शोधतात, आणि पुन्हा बघा.

बाहेर ठीक आणि आत बंद, हे लक्षण अँटेनाच्या वायरीकडेही बोट दाखवतं, त्याचं कारण सांगतो. बऱ्याच फोनमध्ये मुख्य अँटेना खालच्या टोकाला, चार्जिंगच्या जागेजवळ असतो आणि खालच्या बँडचं काम प्रामुख्याने तो करतो. वरच्या टोकाला दुसरा, मदतीचा अँटेना असतो. खालच्या अँटेनाची वायर सुटली तरी फोन मुका होत नाही. वरचा अँटेना ऐकत राहतो, म्हणून काड्या दिसतात. खळ्यात सिग्नल भरपूर असतो तिथे तेवढ्यावर भागतं. चिऱ्याच्या भिंतीआड मात्र फक्त खालचा बँड पोचतो, आणि तो नीट घेणारा अँटेनाच जोडलेला नसतो.

ऐकण्यापेक्षा बोलण्यात तर याचा जास्तच फटका बसतो. टॉवर प्रत्येक अँटेनामागे साधारण २० ते ४० वॉट ताकदीने पाठवतो. ४जी फोनची कमाल ताकद ०.२ वॉट. लाउडस्पीकरवरून बोलणाऱ्याला गर्दीतून दबक्या आवाजात उत्तर द्यावं तसं हे आहे: तुम्हाला त्याचं ऐकू येतं, त्याला तुमचं येत नाही. बाबांना समोरच्याचा आवाज बरा येतो आणि त्यांचा आवाज तिकडे तुटक जातो, हे तुम्ही लिहिलंय ते याच्याशी तंतोतंत जुळतं. अशा वेळी फोन आपली ताकद शेवटच्या टोकापर्यंत वाढवतो, म्हणून गरम होतो आणि बॅटरी दुपारीच उतरते. बाबांच्या फोनची बॅटरी हल्ली लवकर संपते का, तेवढं विचारून बघा. उत्तर हो असेल तर आणखी एक पुरावा.

जुन्या बटणवाल्या फोनला गावात जास्त रेंज असायची, हे लोक सांगतात ते खरं आहे. २जीवर ९०० मेगाहर्ट्झला फोन २ वॉटपर्यंत ताकद वापरतो, म्हणजे ४जीच्या दहा पट.

आता फोन उघडल्यावर आत काय दिसतं ते सांगतो, म्हणजे दुकानात काय बघायचं ते तुम्हाला कळेल. मागचं पॅनेल काढलं की वर मेन बोर्ड, मध्ये बॅटरी आणि खाली छोटा सब-बोर्ड दिसतो. दुकानात त्यालाच चार्जिंग बोर्ड म्हणतात. बॅटरीच्या कडेने दोऱ्याएवढी बारीक, काळी किंवा पांढरी वायर वरून खाली गेलेली असते. काही फोनमध्ये अशा दोन असतात. हीच अँटेनाची वायर. तिच्या दोन्ही टोकांना साधारण दोन मिलिमीटरचं गोल पितळी बटण असतं आणि ते बोर्डावरच्या तेवढ्याच खुंटीवर दाबून बसवायचं असतं. बरोबर मधोमध धरून प्लास्टिकच्या पट्टीने सरळ खाली दाबलं की बारीकसा टक् आवाज येतो. तिरकं दाबलं तर वरून बसल्यासारखं दिसतं, पण एक कड उचललेली राहते किंवा आतली सुई वाकते. स्क्रीन बदलताना बऱ्याच फोनमध्ये हे सगळं काढून नव्या फ्रेमवर परत लावावं लागतं. गर्दीच्या दिवसांत, आणि कोकणात गणपतीच्या आठवड्याएवढी गर्दी वर्षभरात दुसरी नसते, घाईत ही वायर अर्धवट बसते, नाहीतर बॅटरीखाली दबून तिची घडी पडते. घडी पडलेली वायर दिसायला चांगली असली तरी आत तुटलेली असू शकते. नवी वायर स्वस्त मिळते.

वायर नीट असेल तर पुढची जागा म्हणजे स्प्रिंग कॉन्टॅक्ट. मेन बोर्डावर आणि सब-बोर्डावर सोनेरी रंगाच्या इवल्याशा पत्त्या उभ्या असतात. त्या फ्रेमच्या किंवा मागच्या पॅनेलच्या अँटेनाला टेकतात. एखादी चेपली की तो अँटेना हवेत. घरी ओळखायची खूण अशी: फोनच्या मागे, खालच्या बाजूला बोटाने हलका दाब द्या आणि आकडा बघा. दाबल्यावर आकडा १० ने सुधारला आणि सोडल्यावर पडला, तर टेकण बिघडली आहे. बॅटरी फुगून पॅनेल उचललं गेलं असेल तरी हेच होतं. पॅनेल उचललेलं दिसलं तर मात्र दाबू नका. फोन बंद करा, बॅटरी आधी बदला, रेंजचं नंतर बघा.

स्क्रूही मोजून घ्या. हे स्क्रू नुसते पकडायला नसतात, त्यांच्यामार्फत बोर्डाला फ्रेमचं अर्थिंग मिळतं आणि अँटेनाचं काम त्यावर अवलंबून असतं. दोन स्क्रू कमी लावले तर रेंज घसरते. आणि स्क्रीनबरोबर चार्जिंग बोर्डही बदलला होता का, ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. बाजारात मिळणाऱ्या हलक्या सब-बोर्डांवर चार्जिंग नीट होतं, पण अँटेनाच्या वाटेवरचे बारीक भाग एक तर कमी असतात किंवा चुकीच्या मापाचे असतात. त्या बोर्डाने रेंज कायमची पडते आणि कितीही सेटिंग बदलली तरी ती परत येत नाही. मूळ कंपनीचा किंवा दुसऱ्या बंद फोनमधून काढलेला बोर्ड लावणं हाच त्यावर इलाज.

आयसी कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. पाण्यात पडलेला, आत हिरवट गंज धरलेला किंवा जोरात आपटलेला फोन असेल तर पॉवर ॲम्प्लिफायरची, म्हणजे टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलची ताकद वाढवणारी, आयसी खरोखर जाते, किंवा तिच्याखालचा टाका तडकतो. त्याची लक्षणं वेगळी असतात. काड्या भरपूर असतात पण फोन नेटवर्कवर नोंदच होत नाही, एखादाच बँड किंवा फक्त २जी पूर्ण मेलेलं असतं, बोर्डाचा एकच कोपरा तापतो. अबाउट फोनमध्ये बेसबँड व्हर्जनच्या (नेटवर्कचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्रमांकाच्या) जागी अननोन आलं, किंवा *#०६# टाकल्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आलाच नाही, तर दोष बोर्डातच आहे. तुमच्या बाबांचा फोन खळ्यात व्यवस्थित कॉल करतो. आयसी गेलेल्या फोनचं वागणं असं क्वचितच असतं. दुकानदाराला भांडण्याच्या सुरात काही बोलू नका. फोन समोर उघडायला सांगा, वायरीची दोन्ही टोकं, पत्त्या आणि स्क्रू दाखवायला सांगा आणि वायर नवी टाकून पुन्हा आकडा बघू म्हणा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर फोन दुसरीकडे न्या.

दोष फोनचा नाही असं निघालं, तर पुढे घर. चिऱ्याची भिंत जाड असते, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पितो तेव्हा ती सिग्नल जास्त अडवते. पत्रा तर रेडिओ लहरींना जवळपास पूर्ण परतवतो. टॉवर डोंगरावर असेल आणि तुमची पडवी त्या दिशेला असेल, तर पत्र्याखालून सिग्नल आत येण्याची वाट फक्त मोकळ्या बाजूची. शहरात हाच त्रास काचेने होतो. ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेल्या काचा आयटी कंपन्यांच्या इमारतींना असतात, त्या एकट्याच २० डीबी किंवा त्याहून जास्त खातात. घराभोवतीची आंबा-फणसाची झाडंही ओली झाली की सिग्नल शोषतात.

पावसाबद्दल एक समज दूर करावासा वाटतो. पावसाच्या थेंबांनी ८५० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला जवळपास काहीच होत नाही. जुलैत कोकणात रेंज जाते त्याची कारणं बहुधा दुसरी असतात. महावितरणची लाइन जाते, टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते आणि रस्ता बंद असला तर जनरेटरला डिझेल पोचत नाही. दुसरं कारण म्हणजे डोंगरावरचे काही टॉवर एकमेकांना डिशने जोडलेले असतात. त्या डिश फार वरच्या फ्रीक्वेन्सीवर चालतात आणि मुसळधार पाऊस त्या मात्र अडवतो. मग काड्या पूर्ण दिसतात आणि काहीच चालत नाही. अशा वेळी फोनशी खेळण्यात वेळ घालवू नका.

काड्या भरलेल्या आणि तरी नेट ठप्प, हे जत्रेत, आषाढीला पंढरपुरात किंवा पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतही होतं. तिथे सिग्नल असतो, पण एका टॉवरवर माणसं इतकी असतात की वाट्याला जागा येत नाही. कोडच्या पानावर एसएनआर नावाचा आकडा दिसत असेल तर तो बघा. २० च्या आसपास असेल तर छान, शून्याच्या खाली असेल तर सिग्नलपेक्षा गोंगाट जास्त.

घरातल्या रेंजवर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून जाणारा साधा कॉल आहे, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही तोच. एअरटेल आणि जिओने २०१९-२० मध्ये तो सुरू केला, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. समोरच्याकडे कुठलंही ॲप लागत नाही. नंबर तोच, फोन नेहमीसारखाच वाजतो. सिम सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करायचं, एवढंच. घरात फायबर असेल तर आजच करा.

फायबर नसेल तर हे करून बघा. घरात पडून असलेला एखादा जुना ४जी फोन घ्या, त्यात डेटाचं रिचार्ज असलेलं सिम घाला. माळ्यावरच्या खिडकीत किंवा ओटीवर, जिथे तुम्हाला सगळ्यात चांगला आकडा मिळाला होता तिथे तो चार्जरला लावून ठेवा आणि हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सेटिंग असते, ती काढून टाका. आईबाबांचे फोन त्या हॉटस्पॉटला जोडून वाय-फाय कॉलिंग चालू करा. आता ते माजघरात बसून बोलू शकतात. खिडकीतल्या फोनवर थेट ऊन येऊ देऊ नका, चार्जरवर असलेला फोन उन्हात फार तापतो. कायमची सोय हवी असेल तर बाहेरच्या अँटेनाला जोडता येणारा ४जी राउटर घ्या. त्याला स्वतःचं सिम असतं, त्यामुळे तो नेटवर्कच्या दृष्टीने सरळ एक ग्राहकच असतो.

बूस्टर याच्या नेमका उलट. तो कंपनीच्या फ्रीक्वेन्सीवर परवान्याशिवाय प्रसारण करतो, आणि असं उपकरण बाळगणंसुद्धा आपल्याकडे बेकायदेशीर आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट कायम आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान तुमच्या शेजाऱ्यांचं होतं. स्वस्त बूस्टर टॉवरच्या ऐकण्याच्या बाजूला गोंगाट सोडतो. आधीच दबक्या आवाजात बोलणारे आजूबाजूच्या वाड्यांतले फोन टॉवरला ऐकू येईनासे होतात. दूरसंचार विभागाची पथकं असे बूस्टर हुडकून जप्त करतात. फोनच्या मागे चिकटवायचे ‘अँटेना बूस्टर’चे सोनेरी स्टिकर मिळतात, त्यांचा उपयोग काडीचा नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, तुमच्या बाबतीत बहुधा लागू नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागतील. स्क्रीनवर फक्त ‘इमर्जन्सी कॉल ओन्ली’ असेल तर त्याचा अर्थ फोनला कुणाचा तरी टॉवर ऐकू येतोय, पण तुमच्या सिमची नोंद झालेली नाही. अँटेनाकडे जाण्याआधी सिम, रिचार्ज आणि नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते बघा. ‘नो सर्व्हिस’ म्हणजे काहीच ऐकू येत नाही. जुना फोन विकत घेतला आणि त्यात कुठलंच सिम चालत नसेल, तर तो चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असू शकतो. इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून, आयएमईआय क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की त्याची स्थिती कळते. आणि आयएमईआय बदलून देतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. २०२३ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

५जी फोन असेल आणि घरात ५जी येत-जात असेल तर घरापुरता तो ४जीवर ठेवा. ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, ते भिंतीला लवकर हरतं. फोन सारखा ५जी धरतो आणि सोडतो, त्यात कॉलही तुटतो आणि बॅटरीही जाते. व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, मात्र बंद करू नका. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टे बंद असेल तर साधा कॉल लागणार नाही.

सगळं तपासून दोष खरंच टॉवरचा निघाला, दोन्ही फोन खळ्यातही उणे ११५ दाखवत असतील, तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या जागेभोवती कुठल्या कंपनीचे टॉवर आहेत ते बघा. मग १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘रेंज येत नाही’ एवढंच सांगू नका. जागा, वेळ, ४जी की २जी, आणि डीबीएमचा आकडा सांगा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे अर्ज पाठवून वेळ दवडू नका.

कंपनी बदलायची ठरवलीत तर आधी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला फोनसकट घरी बोलवा आणि त्याच टेबलावर, त्याच तिन्ही जागी आकडा बघा. वाडीतल्या दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, शंभर पावलांवर डोंगराची आडकाठी बदलते. आणि सिम खराब आहे म्हणून बदलून घेणार असाल, तर नवं सिम मिळाल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. त्यामुळे सिम बदलायचं की थेट पोर्ट करायचं, ते हे आकडे बघूनच ठरवा. सिमची अदलाबदल करून आलेले आकडे इथे लिहिलेत तर पुढचं नक्की काय ते सांगता येईल.